कमाल छापता, किमानही छापा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं. नागपूरला उन्हाळा काय नवा आहे, असा त्यांचा सवाल होता. २३ मे २०१३ ला सोनेगावच्या वेधशाळेत ४७.९ अंश नोंदले गेले, तो आकडा आजवर मोडला नाही, मग तापमानवाढीची एवढी ओरड कशाला, असं त्यांचं म्हणणं. पत्र वाचून राग आला नाही. दुकानात बसून मीही बरीच वर्षं हेच बोलत आलो आहे. नागपूरकराला आपल्या उन्हाचा थोडा माजच असतो. पुण्याचे पाहुणे ४२ अंशांत गळून गेले की आपण खिशातला कांदा काढून दाखवतो आणि म्हणतो, अजून नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, लागायचाच आहे.

मी कूलरचा माणूस. महालात दुकान आहे. पत्र्याचे कूलर बनवतो, जुने दुरुस्त करतो, आणि आता हात चालत नाहीत तेव्हा पोरांना ओरडतो. आयटीआय करून १९८६ साली एका मिस्त्रीच्या हाताखाली लागलो, तेव्हापासून चोपडी लिहिण्याची सवय आहे. ग्राहक कोण, काम काय, पैसे किती आणि तारीख. हवामानासाठी नाही, उधारी बुडू नये म्हणून. गेल्या दिवाळीत माळा साफ करताना त्या सगळ्या चोपड्या खाली आल्या. काही वाळवीने खाल्ल्या होत्या, उरलेल्या घेऊन दोन दुपारी बसलो आणि प्रत्येक वर्षाचा पहिला कूलर कोणत्या तारखेला लागला, तेवढंच एका कागदावर उतरवून काढलं.

पहिल्या दहा-बारा वर्षांत ही तारीख बहुतेक मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली, गुढीपाडव्याच्या आगेमागे. होळी पेटली, थंडी गेली असं जाहीर झालं, मग माणूस दारात यायचा, ‘भाऊ, ताट्या बदलून द्या’. तेव्हा वाळ्याच्या ताट्या असायच्या. पहिल्यांदा पाणी सोडलं की आख्ख्या गल्लीला कळायचं कुणाच्या घरी कूलर सुरू झाला. आता गवत असतं, नाहीतर पुठ्ठ्याचे हनीकॉम्ब पॅड. वास गेला तो गेलाच. अलीकडच्या दहा वर्षांत मात्र पहिली नोंद चार वेळा फेब्रुवारीतली आहे. २०२३ ला तर महाशिवरात्रीच्या आतच एक बाई भांडायला आल्या होत्या, की दुकान अजून उघडं का नाही. पुढे पेपरातच वाचलं, दिवसाच्या सरासरी कमाल तापमानात तो फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला होता. त्याच्या आदल्या वर्षीचा मार्चही तसाच.

चोपडी म्हणजे काही वेधशाळा नव्हे, हे मला कळतं. पूर्वी माणूस चालत यायचा, आता मोबाइलवर हुकूम येतो, म्हणून तारीख अलीकडे सरकली असेल. कवेलूची घरं जाऊन स्लॅबची आली, तेही आहेच. आणि रेघ सरळही नाही. त्याच २०२३ च्या मेमध्ये अवकाळी पाऊस असा बसला की ग्राहक विचारत होते, कूलर काढून ठेवू काय? २०२५ चा नवतपाही पावसातच वाहून गेला. त्या दोन्ही वर्षी माझा मे महिना कोरडा गेला, म्हणजे पाऊस पडला म्हणून गल्ला कोरडा.

पण पत्रलेखकाच्या विक्रमाचं काय, ते धंद्याच्या भाषेत सांगतो. एखाद्या दिवशी एकाच शाळेने वीस कूलर नेले, तर ती माझ्या गल्ल्याची विक्रमी तारीख होईल. पुढे दहा वर्षं तो विक्रम मोडला नाही म्हणून धंदा वाढला नाही असं कुणी म्हणेल काय? वर्षाची बेरीज पाहावी लागते. उलटही खरं आहे. २९ डिसेंबर २०१८ ला याच नागपुरात पारा ३.५ वर उतरला होता, त्या सकाळी चहाच्या टपरीवर तापमानवाढीची पुष्कळ टिंगल झाली. एका रात्रीने वर्षाची बेरीज बदलत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली अहवाल काढला, त्यात १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढल्याचं दिलं आहे. ०.७ म्हटलं की ग्राहक हसतात. पण ही बेरीज आख्ख्या देशाची, बारा महिन्यांची, दिवसरात्रीची आहे. २०२४ हे वर्ष तर देशात १९०१ पासूनचं सर्वांत उष्ण ठरलं, आणि जगाची त्या वर्षीची सरासरी कारखानदारीच्या आधीच्या काळापेक्षा सुमारे दीड अंशाने वर गेली.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझी तक्रार त्या वाचकाबद्दल नाही, आपल्या पहिल्या पानाबद्दल आहे. एप्रिल लागला की रोज चौकटीत एक मोठा आकडा असतो, ४३.८, ४४.६, सोबत तोंडाला दुपट्टा बांधलेल्या मुलींचा फोटो. तो कमाल तापमानाचा आकडा. किमान आतल्या पानात बारीक अक्षरांत, कधी असतं, कधी जाहिरात आली की नसतं. आर्द्रता तर पावसाळ्यापुरती. माझ्या चाळीस वर्षांच्या धंद्यात मला खात्रीने कळलेली एक गोष्ट म्हणजे दुपारचा नागपूरकर कूलरवाल्याला फोन करत नाही. फोन येतो रात्री दहानंतर.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मृग लागून गेला होता, पावसाचा पत्ता नाही, आभाळ नुसतं भरून यायचं. रात्री साडेअकराला जुनी शुक्रवारीतून एका आजींचा फोन. ‘अरे बापा, तुझा कूलर नुसता वाफ फेकून राहिला.’ घर चौथ्या मजल्यावर, वर उघडा स्लॅब. गेलो. पंप चालू, पाणी तिन्ही ताट्यांवर सारखं उतरत होतं, पंख्याच्या मोटरीचा कंडेन्सर नवा, पंखा पूर्ण वेगात. खोलीची एकच खिडकी आणि तीही डासांमुळे बंद, ही नेहमीची चूक. ती उघडायला लावली. मग पिशवीतून माझे दोन थर्मामीटर काढले. एकाच्या टोकाला ओल्या मलमलची चिंधी गुंडाळलेली असते, दुसरा कोरडा. आयटीआयच्या सरांनी शिकवलेली ही युक्ती आजवर मी कुठल्याही नव्या पोराला शिकवल्याशिवाय राहिलो नाही. कोरडा ३४ दाखवत होता आणि ओला २८. रात्रीचे बारा वाजत आले होते. स्टुलावर चढून छताला हात लावला, तर तवा उतरवून अर्धा तास झाल्यावर जसा लागतो तसा स्लॅब लागला.

आजींना म्हटलं, कूलर बरोबर आहे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चोर आहे. मग म्हणाल्या, ‘तं मग पैसे कायचे?’ घेतले नाहीत.

ओला पारा २८ म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं, कारण नागपूरच्या उन्हाळ्याचं सगळं गणित तिथे आहे. कूलर हवा थंड करतो म्हणजे ताटीवरचं पाणी वाफ होतं आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तर पाणी भराभर उडतं. मेमधल्या कडक दुपारी बाहेर ४४ असलं आणि आर्द्रता पंधराएक टक्के असली, तर ओला पारा २३ च्या आसपास राहतो आणि चांगल्या ताटीचा कूलर २८ ची हवा देतो. म्हणूनच आपण ४४ मध्ये जगतो, म्हणूनच मुंबईकराला कूलर समजत नाही. पण हवेत आधीच बाष्प असलं, की बाहेर ३६ च असूनही कूलर ३१ च्या खाली उतरत नाही. ओल्या पाऱ्याच्या खाली कुठलाच कूलर जाऊ शकत नाही, माझा नाही आणि मोठ्या कंपनीचाही नाही. आणि हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. हे बाष्पच रात्री पांघरुणासारखं वर बसतं आणि दिवसभर तापलेल्या जमिनीची उष्णता आभाळात जाऊ देत नाही. म्हणजे ज्या रात्री कूलर सर्वांत जास्त हवा, त्याच रात्री तो सर्वांत कमी चालतो.

दुसरा भाग आपल्या हातचा आहे. आमच्या गल्लीत पूर्वी फरशी होती, मग डांबर आलं, आता घरापासून घरापर्यंत सिमेंट. झाडाच्या बुंध्याभोवती हातभर माती सोडा म्हणून किती जणांनी ठेकेदाराला विनवलं. कडुनिंब उभा आहे, पण सिमेंटच्या कॉलरमध्ये. सिमेंट दिवसा उष्णता पितं आणि रात्री सोडतं. घरं उंच झाली, दोन भिंतींमध्ये आभाळाची पट्टी उरली, तेवढ्यातून किती उष्णता निघणार? त्यात एसीची बाहेरची डबडी. आमच्या गल्लीत मी परवा मोजली, चौदा. आतली गरमी ओढून गल्लीत टाकतात आणि शेजाऱ्याचा कूलर तीच हवा ओढून घेतो. कुणी म्हणेल, एसीवाल्यांनी धंदा खाल्ला म्हणून हा बोलतो. म्हणू दे, थोडं खरंही आहे.

पूर्वी यावर उपाय होता. संध्याकाळी अंगणात, गच्चीवर पाण्याचा सडा, खाटा टाकायच्या, पहाटे चादर ओढावी लागायची. मेमध्येसुद्धा. आज गच्चीवर टाक्या, टॉवर, डिश. समोरच्या बिल्डिंगीतून सगळं दिसतं म्हणून बायका-मुली वर झोपत नाहीत. आणि पहाटेची ती चादर ओढण्याची वेळ येतच नाही. सडा टाकायला पाणी तरी कुठून आणायचं? मोठा कूलर दिवसाला आठ-दहा बादल्या पितो. २०१९ च्या जुलैत नागपूरला पाणी देणारं तोतलाडोह धरण तळाला गेलं आणि नागपूरला दिवसाआड नळ आले, तेव्हा कितीतरी घरांनी कूलर असून कोरडा चालवला. नुसता गरम पंखा. त्यातून अर्धवट भरलेल्या टाकीत डास, आणि ओल्या हाताने पंप हलवताना शॉक. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी विदर्भात एकही उन्हाळा चुकत नाही. म्हणून इथेच सांगून ठेवतो, पाणी भरण्याआधी प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा.

तर अशी रात्र सरकारी हिशेबात कुठे बसते, हे मी शोधलं. हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची व्याख्या दिवसाच्या कमालवर आहे. मैदानी भागात पारा निदान ४० हवा आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त हवा, किंवा थेट ४५ हवा. आपल्याकडे मेची सरासरीच ४२-४३ असते, म्हणजे ४४.५ ची दुपार नागपुरात लाट नव्हेच. ठीक, त्याची आपल्याला सवय आहे. ‘उष्ण रात्र’ अशीही व्याख्या आहे, पण तिची अट पाहा. किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर, आणि दिवसाचं कमाल ४० किंवा जास्त. सोनेगावची मेअखेरची सरासरी किमान २८ च्या आसपास, म्हणजे उष्ण रात्र म्हणवून घ्यायला साडेबत्तीस हवेत. मृगातली ती रात्र, दिवसाचं कमाल ३८-३९ असलेली, या व्याख्येत येतच नाही. आजींची रात्र कागदावर साधी रात्र. शिवाय ही सरासरी तीस वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी पुढे सरकते. सध्या १९९१ ते २०२० ची धरतात. हवा तापत गेली की ज्या पट्टीने मोजायचं ती पट्टीच वर चढते. त्यात शास्त्राची चूक नाही, पद्धतच तशी आहे, पण ‘सरासरीइतकं’ असं छापलेलं वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

दिवसासाठी महापालिकेने बरंच केलं, नाही म्हणणार नाही. २०१६ पासून शहराचा उष्मा कृती आराखडा आहे. सिग्नलवर हिरव्या जाळ्या लागतात, दुपारी सिग्नल बंद ठेवतात म्हणजे स्कूटरवाला उन्हात उभा राहत नाही, बागा दुपारी उघड्या राहतात. सगळं दुपारचं. डॉक्टर सांगतात, दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री निवण्याचे काही तास लागतात. ते मिळाले नाहीत की दुसऱ्या दिवशीचं ऊन आदल्या दिवशीच्या थकव्यावर पडतं. हमाल, रिक्षावाले, वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं यांच्या रात्रीचा विचार त्यात कुठे आहे?

आणि केवळ उन्हाळ्याचीच गोष्ट नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात देशाचं सरासरी किमान तापमान २०.०१ असायला हवं होतं, ते २१.८५ आलं. मला तो आकडा वाचायची गरज पडली नाही. दिवाळीच्या साफसफाईत लोक कूलर उतरवून धुतात आणि पोत्यात बांधून माळ्यावर टाकतात. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या आधी माझी दोन्ही पोरं रिकामी बसली होती, कूलर उतरवायला कुणी बोलावतच नव्हतं. खिडकीत आकाशकंदील आणि शेजारी चालू कूलर, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

संपादक साहेब, म्हणून विनंती अशी. पहिल्या पानावरच्या त्या चौकटीत कमालच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात किमान छापा, आणि कंसात त्या तारखेची सरासरी किमान. खाली सकाळी साडेआठची आणि संध्याकाळी साडेपाचची आर्द्रता. हे आकडे वेधशाळा रोज देते, आपल्या वार्ताहराला जास्तीचं काम नाही. उलट एक काम कमी होईल. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित यंत्राचा ५६ अंशांचा आकडा सगळीकडे फिरला, मोठे मथळे झाले, आणि मग हवामान खात्याला सांगावं लागलं की सेन्सर बिघडला होता. त्या दिवशी माझ्या दुकानात लोक ५६ हा आकडा देवाचा कौल असल्यासारखा सांगत होते. यंत्र बिघडतं, माझी तर रोजीरोटीच त्यावर आहे, पण वेधशाळेच्या पांढऱ्या झडपांच्या पेटीतल्या पाऱ्याशी ताडून न पाहता आकडा छापायचा नाही एवढं पथ्य पाळता येईल. एका खोट्या ५६ मुळे पुढचे खरे ४६ लोक हसण्यावारी नेतात.

जमलं तर आणखी एक. सोनेगावची वेधशाळा विमानतळावर, मोकळ्या रानात. महाल, इतवारी, मोमिनपुरा इथल्या रात्री तिथे दिसत नाहीत. माझ्या गच्चीवर सावलीत एक कमाल-किमान थर्मामीटर टांगला आहे. तो शास्त्रीय नाही, भिंत जवळ आहे, त्याचा आकडा छापा असं मी म्हणणार नाही. पण गेल्या मेमध्ये ज्या सकाळी आपल्या आतल्या पानात २९ होते, त्या सकाळी माझ्याकडे ३२ च्या खाली पारा उतरलाच नव्हता. आपल्या वार्ताहराने पहाटे पाचला एकदा येऊन दोन्हीकडचा पारा पाहावा, चहा माझ्याकडे.

या वर्षीच्या चोपडीत मी एक रकाना जास्तीचा आखला आहे. तारीख, ग्राहक, काम, पैसे, आणि शेवटी किमान. आपल्या पेपरातून रोज उतरवून घ्यायचा विचार आहे. सध्या आतलं पान शोधतो, आणि ज्या दिवशी तिथे जाहिरात असते त्या दिवशी रकाना रिकामा सोडतो. एप्रिलचे नऊ रिकामे राहिले.

आपला,
एक कूलरवाला वाचक,
महाल, नागपूर